यांच्या जागी

दारातच बिल्ला गळ्यात पडला : सौ. प्रणिता फेगडे.
म्हटलं, मी फेगडे नाही.
टेबलामागचा मुलगा म्हणाला, यादीत हेच आहे,
चालवून घ्या, एक दिवसाचा तर प्रश्न.

चालवून घेण्याचीच तर सवय.
पाच महिने तिच्या खुर्चीत बसते मी
तिची उशी बाजूला ठेवून.

अडावदहून पहाटेची एसटी. किनगावला टायर बसला,
केळीच्या ट्रकवाल्यानं यावलपर्यंत आणलं.
फैजपूर. कॉलेजचं सभागृह.
फेब्रुवारी संपायचा होता
आणि पंखे आताच हरलेले.
मंचामागं थर्माकोलची अक्षरं :
तासिका तत्त्वावरील व बदली शिक्षकांचे सक्षमीकरण.
त्यातला 'स' निखळून खाली पडला होता.
कुणी उचलला नाही.
उरलं त्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या.

नाशिकहून आलेले सर, पत्रिकेत 'साधनव्यक्ती',
म्हणाले, स्वतःची ओळख करून द्या, फक्त एका शब्दात.
सुभान तडवी सर उठले. वैजापूरकडचे,
अकरा वर्षांत नऊ शाळा.
म्हणाले, "हजर."
आणि बसले.
सावद्याच्या नेहेते बाईंना एक शब्द पुरेना.
तालुक्यात कुणाला दिवस गेले
हे नवऱ्याआधी मला कळतं, म्हणाल्या,
तिकडे पाळणा हलला की इकडे माझी चूल पेटते.
सगळे हसले. मग कुणीच हसेना.

पडद्यावर आलं : पहिल्या पाच मिनिटांत वर्ग जिंका.

माझी पहिली पाच मिनिटं अशी गेली.
तिसऱ्या बाकावरचा रितेश उभा राहिला :
"फेगडे बाई मरी गयात का?"
नाही रे, त्यांना बाळ झालंय.
"मंग तुम्ही कव्हय जाशात?"
हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं : नजर ठेवा, आवाज खाली ठेवा,
फळ्याकडे पाठ करून उभे राहा.

जेवणात भरीत, कळण्याची भाकरी, प्रत्येकी एक केळं.
हात धुता धुता शाळेत फोन लावला.
माझ्या वर्गावर कोण आहे?
मुख्याध्यापक म्हणाले, निंबा बसलाय.
निंबा आमचा शिपाई.
म्हणजे बदलीची बदली.
तेवढ्यात फोनमध्ये घंटा झाली. अडीच वाजता,
कुठल्याच तासाची नसलेली. मग पुन्हा.
काय करतोय तो?
अहो, पोरांना घंटा वाजवायला शिकवतोय,
एकेकाला.

दुपारी अभिप्रायाचा छापील कागद :
हे प्रशिक्षण आपल्या कायम सेवेत कसे उपयोगी पडेल?
'कायम'वर पेन बराच वेळ टेकून राहिलं,
तिथं एक निळा ठिपका झाला.
तोच माझा अभिप्राय समजावा.
आजच्या चार तासिका बिलात धरणार नाहीत,
हे मी कुणाला विचारलंही नाही.

प्रमाणपत्रही फेगडेंच्याच नावाचं, लॅमिनेशन केलेलं.
तडवी सरांचं पेन मागून खाली लिहायला घेतलं :
यांच्या जागी हर्षाली बाविस्कर.
शाई धरेना.
यावलच्या स्टँडवर पिशवीतून काढलं
तर 'बाविस्कर' माझ्या अंगठ्यावर आलेलं,
'यांच्या जागी' मात्र शाबूत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी सगळा वर्ग
लोखंडी रुळाच्या तुकड्याखाली जमलेला.
निंबानं हातोडी पुढं केली, म्हणाला,
बाई, कालचा तास तुमचा राहिला.
मी एक टोल दिला.
दुसरा द्यायला हात उचलला
तसा रितेशनं मनगट धरलं :
"दम धरा, बाई.
पह्यला आवाज पुरा जाऊ द्या,
मंग दुसरा."

आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो.